वाडीतले आठ दिवस

माझा नवरा ट्रक चालवतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं लांबची फेरी करून आला की तो कोराडीला घरी येत नसे. वाडीला गोडाउनमागं ड्रायव्हर लोकांची भाड्याची खोली होती, तिथं आठ दिवस राहायचा. "माल भरायचा नंबर नाही लागला," असं फोनवर सांगायचा. कधी मी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन जायचे, तर दारातच डबा घेऊन म्हणायचा, "इथं लय धूळ हाय वं, तू जाय घरी." किती जपतो, म्हणून मी वेडी बसमध्ये हसत बसायचे.

मूल काही होईना. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे उपास माझ्या वाट्याला, काढेही माझ्याच. सासूबाई काढा संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात दोघं रामदासपेठेतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहून सांगितलं, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद झाल्यात. जुना संसर्ग असावा, संबंधांतून आलेला. मी म्हटलं, "मले तं कधी काही त्रासच नाही झाला."

तेवढ्यात नवरा बोलून गेला, "पण म्याडम, मी तं दर वेळी आठ दिवस पाहत होतो. काहीच निघालं नाही."

"कशाचे आठ दिवस?" मीच विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. वाटेत बाईकडं गेलं की आठ दिवस घरी जायचं नाही, हा त्या खोलीतला नियम. जखम नाही, लघवीला जळजळ नाही, तर माणूस साफ. जुन्या ड्रायव्हरांनी नव्यांना शिकवलेलं, आणि यानं इमानानं पाळलेलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एखादा आजार चार-आठ दिवसांत दिसतो, एखाद्याची जखम यायला तीन आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. आणि काही आजार दिसतच नाहीत. बाईला तर पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आत मात्र नासधूस चालू राहते. तपासणी केल्याशिवाय कळत नाही. संसर्ग अजून असलाच तर गोळ्यांनी जाईल, पण नळ्या त्यानं उघडणार नाहीत.

बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं, "तपासून काहून नाही घेतलं तुम्ही?"

"काही दिसलंच नाही, तं काय दाखवू?" मग रडायलाच लागला. "तुले काही होऊ नये म्हणूनच थांबत होतो वं."

ते खरं होतं, म्हणून जास्त संताप आला. बेफिकीर असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यानं काळजी घेतली होती, आणि माझं मूल त्या काळजीतच गेलं. चहा तसाच टाकून मी बसस्टॉपकडं चालू लागले, तो मागून आला.

आता तो वाटेत बाईकडं जात नाही, गाडी लावली की त्याच संध्याकाळी घरी येतो. मी दोन ताटं घेते.