बुचावरची लाल रेघ

ती लाँच आजही डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तिच्याबरोबर माझी शरमही.

तेव्हा मी पाटण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांना बाजाराला यायचं तर लाँचशिवाय गत्यंतर नाही. दोन चुलतभावांच्या दोन लाँच चालत. थोरला पिढीजात नावाडी. धाकटा वीस वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर फिटर होता. परत येऊन त्याने लोखंडी लाँच बांधली, तीही मोठ्या जहाजाच्या धर्तीवर. तळाच्या पोकळीत आडव्या भिंती घालून चार बंद कप्पे केले. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तीन कोरडे राहणार आणि लाँच तरंगणार. ही लाँच बुडतच नाही, असा बोलबाला झाला. थोरल्याच्या लाँचला कुत्रंही विचारेना.

एका बाजारच्या दिवशी तीच लाँच भर दुपारी पाण्यात बसली. सुदैवाने थोरला आपली लाँच घेऊन जवळच होता. त्याने दोर टाकून एकूण एक माणूस वर घेतलं. व्हिडिओ मोबाइलवर फिरले, गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

लाँच काठावर ओढून पंचनामा केला. तळ कुठे फाटलेला नव्हता. पण आतल्या भिंतींच्या बुडाशी, धुण्याचं पाणी काढायला ठेवलेल्या भोकांची तिन्ही बुचं गायब होती. पुढच्या कप्प्याच्या तळाचंही नव्हतं. रंगकाम नुकतंच झालेलं. धुतल्यावर हा बुचं लावायला विसरला, असं मी पंधरा मिनिटांत ठरवलं. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल करून धाकट्याला अटक केली.

खरं सांगतो, तो माणूस मला आधीपासूनच खुपत होता. माझ्याच वयाचा. ठाण्यात आला की माझेच हवालदार त्याला खुर्ची देत आणि जहाजांच्या गोष्टी ऐकत बसत. मी आतून हाक मारली तरी कुणाच्या कानावर जात नसे. मी समुद्र पाहिला तो बंदोबस्ताला उभं राहून. मला जळायला एवढं पुरेसं होतं.

"सायेब, बूच आवळलं की मी त्याच्यावरनं पत्र्यापतुर लाल रंगाची रेघ वडतो," तो पुन्हापुन्हा सांगत होता. "जहाजावर तशी रीत हाय. बूच हाललं की रेघ मोडती. मी इसरलो असतो तर पत्र्याच्या नव्या रंगावर रेघ कशी असंल? जाऊन बगा की."

"इथं तुझं जहाज नाही," मी म्हणालो, आणि बघायला गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी थोरल्याची आई जबाब द्यायला आली. मी सहज विचारलं, "पोराची लाँच सोडून पुतण्याच्या लाँचीत का बसलात?"

"आवं सायेब, मला पान्याचं लय भ्या. समदी म्हनायची, ती बुडत न्हाई. पोराला न सांगताच बसले. पर त्याला कळलं तसं एकलाच लाँच घिऊन मागं आला बगा. लांबनं वरडत हुता, माघारी फिरा म्हनून. हातात दोर बी हुता."

"तेव्हा तुमची लाँच कलली होती?"

"न्हाई वो, झ्याक चालली हुती. आमी त्यालाच हसत हुतो."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचा हात थांबला. जबाब वाचून दाखवला, म्हातारीने अभिमानाने अंगठा उठवला. मी तसाच काठावर गेलो. चारही भोकांशेजारी पत्र्याच्या नव्या रंगावर अर्धी लाल रेघ होती. उरलेली अर्धी बुचांवर सापडली, आणि बुचं थोरल्याच्या लाँचीत, इंजिनाखालच्या पोत्यात.

ती टेबलावर ठेवल्यावर थोरल्याने फार वेळ घेतला नाही. "ती बी बुडती, एवढंच समद्यास्नी दावायचं हुतं. वाटलं धक्क्यालाच बसंल, मानसं चढायच्या आत." मग तो रडायला लागला. "सायेब, माजी सख्खी आई माज्या लाँचीत बसली न्हाई."

न्यायालयाला अहवाल देऊन धाकट्याला सोडलं. जाताना त्याने शांतपणे विचारलं, "रेघ बगायला तीन दिस का लागलं, सायेब?"

"कामाचा व्याप," मी म्हणालो. काठ ठाण्यापासून दहा मिनिटांवर होता.

त्यानंतर मी एक पथ्य पाळलं. जो माणूस डोळ्यांत सलतो, त्याचं म्हणणं सगळ्यात आधी तपासायचं. त्या प्रकरणाच्या दोषारोपपत्रात गुन्ह्याचा हेतू म्हणून मी 'मत्सर' असं लिहिलं. आरोपी मात्र एकच दाखवला.