चौदा महिने कॉफीला गेलेला माणूस

बनशंकरीच्या देवळाकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला फेट्यांचं एक अरुंद दुकान लागतं, ते हंबीररावांचं. नवऱ्यामुलाला म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडचा जरीचा फेटा, हवा असो की गणपती मंडळाला वीस भगवे फेटे, आसपासचे लोक इथंच येतात. हंबीररावांचे पूर्वज बंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आले, की आपलं मराठी कुठं संपतं आणि कन्नड कुठं सुरू होतं हे आता त्यांनाही सांगता यायचं नाही. माणूस दिलदार, हाताचा कसबी, फक्त खोडी दोन. आपल्याला कधी काही होत नाही, असा ठाम समज. आणि दुकानाच्या कागदपत्रांना दुसऱ्या कुणी, अगदी बायकोनंसुद्धा, हात लावायचा नाही. या दोन खोडींनी संगनमत केलं आणि साठी ओलांडलेल्या या सरळ माणसाला जीएसटीच्या कचेरीत उभं केलं.

सुरुवात पाठदुखीनं झाली. तेल झालं, शेक झाला, शेजारणीचा काढा झाला, आणि शेवटी निघाला मणक्याचा टीबी. नऊ दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी घरी सोडलं ते औषधांची भलीमोठी यादी देऊन, आणि पाठीवर पडून राहायची सक्त ताकीद देऊन. हा टीबी एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असंही त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. हंबीररावांना ते पटलं, पण गल्लीला कोण पटवणार?

"टीबीवाल्याच्या हातचा पेटा कोण आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवून घील?" ते पडल्या पडल्या बायकोला, अंबुबाईंना, म्हणाले. "कुणाला कळाय नको. दुकान रोज उघडायचं. कुणी इचारलं तर सांग, आत्ताच कॉफीला गेलेत."

"आणि रोज इचारलं तर?"

"तर रोज सांग. मी रोज कॉफीला जातोच की."

अंबुबाईंनी मान डोलावली. दवाखान्याच्या नऊ दिवसांतही त्यांनी तासभर का होईना, दुकान उघडलंच होतं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला शटर वर गेलं. खुर्चीच्या पाठीवर हंबीररावांचा कोट आला, उघड्या पेपरावर त्यांचा चष्मा आला, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला अंबुबाईंनी हसून सांगितलं, "आत्ताच कॉफीला गेलेत. स्वल्प बसा." गिऱ्हाईक दहा मिनिटं बसलं आणि माप देऊन गेलं. संध्याकाळी ते पेटा न्यायला आलं तेव्हाही मालक कॉफीलाच गेलेले. पेटा मात्र तयार होता, कारण वीस वर्षं घरी बसून निम्मे फेटे अंबुबाईच बांधत आल्या होत्या; नाव तेवढं हंबीररावांच्या हाताचं होत होतं. असे चौदा महिने गेले. सकाळी दुकान, दुपारी नवऱ्याला जेवण आणि गोळ्या, पुन्हा दुकान, आणि दिवसभर तोंडभरून हसणं. त्या बाईनं काय सोसलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र राहून गेली. जीएसटीचं रिटर्न हंबीरराव स्वतः भरत. पासवर्ड डोक्यात, फायली कपाटात आणि कपाटाची किल्ली करगोट्याला. पहिल्याच महिन्यात अंबुबाईंनी विचारलं होतं, "ते सरकारचं भरायचं असतंय, त्याचं काय?" औषधांच्या गुंगीत हंबीरराव म्हणाले, "बघतो मी." दुसऱ्या महिन्यातही बघतो म्हणाले. तिसऱ्या महिन्यापासून अंबुबाईंनी विचारणंच सोडून दिलं.

हंबीरराव चालू-फिरू लागले, कॉम्प्युटर उघडला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चौदा महिन्यांचा कर त्यांनी व्याजासकट त्याच आठवड्यात भरून टाकला. पण दंडाची नोटीस आलीच. उशिराचं कारण लिहा, असं त्यात होतं. इथं शहाण्या माणसानं दवाखान्याची सगळी कागदं जोडली असती. हंबीररावांनी 'प्रकृती किंचित बरी नव्हती' एवढं एक वाक्य लिहिलं, आणि सोबत मराठा समाजाच्या सेक्रेटरींकडून आणलेलं प्रशस्तिपत्र जोडलं: सदर गृहस्थ अत्यंत शिस्तीचे असून एकतीस वर्षांत त्यांचं दुकान एक दिवसही बंद राहिलेलं नाही.

निकाल यायला वेळ लागला नाही. दुकान एक दिवसही बंद नव्हतं हे अर्जदारानं दिलेल्या पत्रावरूनच दिसतं, सबब रिटर्न जाणूनबुजून भरलेली नाहीत. दंड इतका, की लग्नसराईची सगळी कमाई त्यात गेली असती. पण हंबीररावांना रक्कम एवढी बोचली नाही, जेवढा 'जाणूनबुजून' हा शब्द बोचला. आयुष्यात ज्यानं कुणाचा मीटरभर कापड बुडवलं नाही, त्याच्या नावापुढं सरकारनं असं लिहावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. दोन महिने ते धड जेवले नाहीत.

शेवटी अंबुबाईंनीच त्यांना दिव्यश्रीकडे नेलं. ही कराची कामं करणारी मुलगी हुशार होती आणि तोंडानं फटकळ. सगळं वाचून ती म्हणाली, "अण्णा, सरकारला काही करावंच लागलं नाही. तुमच्याविरुद्ध साक्ष तुम्हीच दिलीत. अपिलाला आता एकच महिना उरलाय. डॉक्टरांचं पत्र आणा. पण दुकान तर उघडं होतं, मग तुम्ही तिथं नव्हता हे सांगणारा कुणीतरी हवा. शेजारचं कुणी लिहून देईल?"

हंबीररावांनी चौदा महिने जे झाकलं, ते आता स्वतः जाऊन उघडं करायचं होतं.

दोन दिवस टाळाटाळ करून ते दोन दुकानं पलीकडच्या मंजुनाथच्या हॉटेलात गेले. हंबीरराव रोज कॉफीला जात ते इथंच. खाली मान घालून, अडखळत, त्यांनी कन्नडमध्ये सुरुवात केली, "मंजुनाथ, तुला एक सांगायचंय. मध्यंतरी माझी तब्येत..."

"मणक्याचा टीबी," मंजुनाथ म्हणाला. "आता कसं आहे?"

हंबीररावांनी झटकन मान वर केली.

"अण्णा, तुम्ही दिवसाला चार कॉफ्या पिणारे. पाच दिवस आला नाहीत तेव्हाच मी औषधाच्या दुकानात विचारलं. अक्का गिऱ्हाइकांना सांगायच्या, कॉफीला गेलेत. ती माणसं तुम्हाला शोधत इथं यायची. मग मी सांगायचो, आत्ताच पिऊन दुकानाकडं गेले."

"म्हणजे गल्लीत सगळ्यांना..."

"सगळ्यांना. फूलवाल्या मथुराक्कानं तर पोराच्या लग्नाचा पेटा तेव्हाच नेला. अक्का एवढं निभावत होत्या, त्यांना उघडं कोण पाडणार?"

हंबीरराव मटकन बाकावर बसले. टीबीवाल्याच्या दुकानातला पेटा लोकांनी जाणून नेला होता, आपल्या पोरांच्या डोक्यावर ठेवला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मंजुनाथनं प्रतिज्ञापत्रावर सही केली: चौदा महिन्यांत या गृहस्थांनी माझ्या हॉटेलात एकही कॉफी घेतलेली नाही.

सुनावणीच्या दिवशी अपिलाच्या अधिकारी बाईंनी ते वाक्य वाचलं आणि ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. मग डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "आजारी होता, हे मान्य. पण दुकान चालू होतं ना? मग ज्यांनी ते चालवलं त्यांनी रिटर्न का भरलं नाही?"

उत्तर दिव्यश्रीकडे तयार होतं. "मॅडम, दुकान यांच्या पत्नी बघत होत्या. त्यांना यातलं काही कळत नाही."

बाजूच्या खुर्चीत अंबुबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हंबीररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उत्तर तसंच राहू दिलं असतं तर काम बहुधा होऊन गेलं असतं. पण ते टेबलाचा आधार घेऊन उठले.

"तसं नाही, मॅडम. हिला सगळं कळतं. दुकान हिनं चालवलं, फेटे हिनं बांधले, मला हिनं उठवून उभं केलं. रिटर्नचं तेवढं मी हिला कधी दाखवलं नाही. हिनं विचारलं होतं, मी बघतो म्हणालो. मी फार आजारी होतो, मॅडम. कुशीवर वळायलासुद्धा हिला हाक मारावी लागायची. पण किल्ली सोडली नाही. चूक माझी आहे."

दिव्यश्रीनं कपाळाला हात लावला. अधिकारी बाई अंबुबाईंकडे वळल्या. "दाखवलं असतं तर भरलं असतं तुम्ही?"

"एक दिवस उशीर झाला नसता," अंबुबाई म्हणाल्या.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि 'या आता' म्हणाल्या. तीन आठवडे हंबीररावांनी जीव मुठीत धरून काढले. मग एका दुपारी निकाल आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी तो अंबुबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. अर्जदार अंथरुणाला खिळलेला होता. सर्व साधनं त्यानं स्वतःकडेच ठेवली होती. या काळात व्यवसाय सर्वस्वी त्याच्या पत्नीनं चालवला. विलंब जाणूनबुजून केलेला नाही, सबब दंड रद्द.

"मधलं परत वाचा," अंबुबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं.

"असंच लिवलंय? सही-शिक्क्यासकट?"

"असंच लिवलंय."

"मग आणिक एकदा वाचा."

तिसऱ्यांदा 'त्याच्या पत्नीनं' या शब्दांशी हंबीररावांचा आवाज असा अडकला की पुढं जाईना. तेव्हा अंबुबाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, त्यांचाच चष्मा डोळ्यांना लावला, आणि ते वाक्य शेवटपर्यंत, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, स्वतः वाचलं.