एका बैलापायी

भावाच्या एका बैलाला पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहू द्यायचं नाही, म्हणून मी शेजारचा अख्खा बंजारा तांडा गावाच्या पोळ्यातून बाहेर काढला. हे आजवर कोणाजवळ बोललो नाही. तुम्हालाच का लिहून सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

कारण काय होतं? हसू नका. दोन्ही घरांच्या सामाईक ओसरीत आम्ही भाऊ जेवत होतो. धाकटा सहज म्हणाला, "दादा, तुह्या बैलाचं तोंड थेट तुह्यासारखं दिसते." घरातले सगळे हसले. बायकोही हसली — जरा जास्तच. मी ताटावरून उठलो आणि भावाशी बोलणं टाकलं.

आता धाकट्याचा बैल एकच. त्याच्या जोडीला तांड्यावरच्या रामसिंगचा. दोघांची शेतं त्याच जोडीवर चालायची. मग मी गावच्या बैठकीत उठलो, घसा साफ केला — आणि म्हणालो, तोरण पुरत नाही, तांड्यानं आपला पोळा तिकडंच भरवावा. अर्धी जोडी तांड्याची, म्हणजे धाकट्याचा बैलही आपोआप तिकडंच. भावाचं नावसुद्धा घेतलं नाही. किती शहाणा, नाही? सगळ्यांच्या माना डोलल्या.

रामसिंगला कोणी निरोपच दिला नाही. पोळ्याला तो शिंगं रंगवून, आरशांची झूल घालून जोडी घेऊन वेशीपर्यंत आला. तिथंच त्याला सांगितलं. त्यानं बैल वळवले. आणि मी? मी तोरणाची पानं बघत बसलो.

काही वर्षं असेच पोळे झाले. मग एकदा तुरीच्या कामानं दमलेले धाकटा आणि रामसिंग धाकट्याच्या दारात आले. त्याची बायको माहेरी. माझ्या बायकोनं कोणालाही न विचारता ओसरीत तीन ताटं मांडली — माझं, भावाचं, रामसिंगचं. मी बसलो. भूक लागली होती हो, मोठेपणा कसला? धाकट्यानं चटणी पुढं सरकवली. "घे ना, दादा." भांडण संपलं. आणि माझा राग उतरला तसं तोरणही पुरायला लागलं — नवलच की नाही? पुढच्या बैठकीत मीच म्हणालो, तोरणाचा दोर वाढवा, तांडाही इथंच येऊ द्या.

यंदाचा पोळा तुम्ही पाहायला हवा होता. मारुतीच्या देवळापासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत तोरण. तांड्याचं डफडं, आमची झडत्यांची गाणी. रामसिंगला लागून धाकटा, धाकट्याला लागून मी. तोरण तुटून पोळा फुटला तेव्हा कुठला बैल गावाचा, कुठला तांड्याचा, काही ओळखू येईना. माझा तर ऊर भरून आला.

गाव आणि तांडा जोडला म्हणून बैठकीत मला शाल दिली. तोडला कोणी — हे मी बोललो नाही. शाल घेतली.

काल हे इथवर लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. तव्यावरची भाकर उलटवत ती म्हणाली, "हे तुमच्या रागापायी होतं, रामसिंगभाऊले तवाच समजलं होतं. आपल्या घरातलं आणखी बिघडू नये म्हणून तो गप राह्यला. आन् तुम्ही शाल पांघरून आले."