दस्तगीरची गाठ

उत्तरेकडं बर्फातल्या एका पोस्टवर आमची पोस्टिंग होती. मी हवालदार, गाव कुरुंदवाड. नाईक दस्तगीर मलकापूरचा. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले, त्यामुळं भांडायचो ते आपल्या भाषेत. बाकीचे जवान नुसते तोंडाकडं बघत बसायचे.

पेट्रोलला सगळे एकाच दोराला बांधलेले असायचे. निघण्याआधी प्रत्येकानं पुढच्याची गाठ तपासायची, हा नियम. दस्तगीर माझी गाठ दोनदा ओढून बघायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "आता त्याचं." त्याचं म्हणजे अल्लाचं. मी खोड काढायचो, सगळं तकदिरीत लिहिलंय म्हणतोस, मग गाठ कशाला ओढतोस रं?

"गाठ माझं काम. तकदीर त्याचं," तो म्हणायचा. किती गोड हसायचा लेकाचा!

त्या दिवशी पुढं चालायची पाळी त्याची होती. त्याची गाठ मी तपासली, दोनदा ओढून. दुपारी वारा सुटला, पुढचं दिसेना. एकाएकी दोर ताणला आणि मी तोंडावर आपटलो. पायाखालचा बर्फ फुटून दस्तगीर भेगेत गेला होता. आम्ही दोर सोडला नाही. त्याला वर काढला तेव्हा श्वास चालू होता, पण छातीला जबर मार होता. मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"चॉपर निगेटिव्ह. वेदर खराब. ओव्हर."

संध्याकाळी तो माझ्या मांडीवर गेला.

सुट्टीवर घरी आलो, पण डोकं तिथंच राहिलं. पाळी बदलून मी पुढं असतो तर? जेवण जाईना, झोप येईना. बायको दवाखान्यात चला म्हणून मागं लागली. मी तिच्यावरच खेकसलो, नशिबात भोग असतील तर डॉक्टर काय करणार? शेवटी तिनं दस्तगीरच्या वडिलांना फोन केला. चाचा एसटीनं आले, माझ्यासमोर बसले.

"गाठ सुटली व्हती?"

"न्हाय."

"दोर सोडलास?"

"न्हाय, चाचा."

"मग तुझं काम तू केलंस. त्याला कवा न्यायचा, ते अल्लाचं काम. ते तू डोक्यावर घिऊन बसलाईस."

मी पोटभर रडलो. त्यांनी रडू दिलं. मग टोपी घालून उठले. "चल. दवाखान्यात जायाचं का न्हाय, ते मातुर तुझ्या हातात हाय. ही गाठ तूच बांधायची."

एकुलता मुलगा गेलेला माणूस मला कोल्हापूरला डॉक्टरकडं घेऊन गेला. औषध सुरू झालं. पुढच्या खेपांनाही ते मलकापुरातून यायचे, बाहेर बाकड्यावर तसबीची माळ ओढत बसायचे. हळूहळू झोप परत आली.

आता मी रिटायर झालोय. चाचाही गेले. दस्तगीरच्या शेजारी त्यांना मूठमूठ माती दिली, त्यात माझीही होती.

संध्याकाळी म्हशीला दावं बांधतो. गाठ दोनदा ओढून बघतो आणि तिच्या पाठीवर थाप मारतो. आता त्याचं, दस्तगीर.