नऊ मार्कांचे बाबा

पत्रकांच्या गरम झेरॉक्सचा वास आला की मी लोअर परळच्या शाळेत, नववीच्या इंग्रजीच्या तासाला जाऊन बसते. बाईंनी ‘माय फादर’ या निबंधाच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. त्यातले वडील इंजिनियर होते आणि रविवारी मुलांना गाडीतून बागेत न्यायचे. आमच्या वर्गात एकीच्याही घरी गाडी नव्हती, तरी सगळ्यांनी तेच वडील पाठ केले. याला लेखन शिकवणं म्हणतात, याचा मला आजही संताप येतो.

चाचणीत तोच निबंध आला आणि मला दहापैकी नऊ मिळाले. पेपरवर पालकांची सही लागायची. बाबा मॉलमध्ये लिफ्ट चालवायचे. ड्यूटीवरून आले, हात पुसून त्यांनी पेपर घेतला.

“कोणावर लिवलंस गो?”

“तुमच्यावर.”

ते भिंतीला टेकून नीट बसले. “मग वाच. माका आयकूंदे.”

मी वाचलं. ‘इंजिनियर’ शब्द भरभर उरकला, पण दिवसभर लिफ्टमध्ये इंग्रजी ऐकणाऱ्या माणसाला तेवढं कळणारच.

“बरा लिवलंस,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

तेव्हा मला वाटलं, सुटले. ‘हे बाईंनी दिलंय, बाबा’ एवढंही मी बोलले नाही.

आता मी स्वतः लिहिलेली पत्रकं चौकात मोठ्यानं वाचते आणि अनोळखी माणसं थांबून ऐकतात. बाबा मात्र जाईपर्यंत मला पुन्हा कधी ‘वाच’ म्हणाले नाहीत.