एक धून, दोन क्लॅरिनेट

बाबा गेले त्याला आता सहा आठवडे झाले. काल्हेरच्या एका हॉलसमोर आमची बँड पार्टी उभी होती, नवरदेव घोड्यावर बसत होता, तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, बाबा गेला." मी ढोलवाल्या सलीमभाईंना म्हटलं, "आज मी वाजवणार न्हाय." त्यांना काही विचारावं लागलं नाही. मला रडू आलं नाही. आधी आठवला तो बाबांचा हात...

भिवंडीत लोक त्यांना मास्टर म्हणायचे. सकाळी कापडाच्या लूमवर ड्युटी, लग्नसराईत क्लॅरिनेट. मीही त्यांच्याकडे मोठ्या क्लॅरिनेटवरच शिकले. मी एकोणीस वर्षांची असताना आमचा छोटा क्लॅरिनेट वाजवणारा गावी निघून गेला आणि बाबांनी ते वाद्य माझ्या हातात दिलं. दिसायला सोपं. बोटं तीच, पण सूर वर जातो. म्हणजे मोठ्यावर सी मेजरमध्ये बसवलेली धून छोट्यावर त्याच सुरात हवी असेल, तर जी मेजरची बोटं लावावी लागतात. मोठ्यावरचा एफ तो छोट्यावरचा सी, सी तो जी, जी तो डी. मला हे पाठ होतं. बोटांना नव्हतं. जी मेजरला एफ शार्प हवा, पण सवयीनं साधा एफ लागायचा, आणि स्टीलची पट्टी सपकन पेरांवर बसायची. "शार्प! कितीदा सांगू? डोक्यात घुसतं का न्हाय?" एकदा करंगळीचं हाड मोडलं. आई मध्ये पडली, तर तिला असं ढकललं की तिचं कपाळ कपाटाच्या कडीवर फुटलं. ते रक्त पुसून आईनं मला पुन्हा वाजवायला बसवलं, कारण बाबांचा चढलेला आवाज अजून उतरला नव्हता. त्या दिवसापासून ते मरावेत असं मला वाटायचं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

मग कशेळीची ती वरात. संध्याकाळची वेळ, रस्त्यावर ट्रक अडकलेले. एका दारू प्यायलेल्या पाहुण्यानं माझी वेणी धरली आणि मला नाचायला ओढलं. मी ओरडले. बाबांनी वाजवणं थांबवलं आणि हातातला मोठा क्लॅरिनेट त्याच्या तोंडावर हाणला. लाकूड उभं फुटलं, त्याचा गाल फाटला. तो खाली पडला तरी बाबा हाणतच होते. "मास्टर, छोड़ दो, मर जाएगा!" सलीमभाई ओरडत होते. मग त्याचे पाच-सहा जण बाबांवर तुटून पडले. बुटांनी, दगडांनी. मी मध्ये घुसले तेव्हा बाबा गटाराच्या कडेला पडले होते आणि वरचे चार दात तुटले होते.

दात गेले म्हणजे क्लॅरिनेट गेला. कवळी लावून पाहिली, पण फुंकर टिकेना. फुटलेल्याच्या जागी दुसरा मोठा क्लॅरिनेट आणला, आणि आता दोन्ही वाद्यं मीच वाजवायची. ते समोर बसून ओरडायचे, "छोटा घे! डी!" वाद्य बदलताना मी एकदा चुकले आणि त्यांचा हात उठला. मी तो हवेतच धरला. "आता हात लावलास तर मी वाजवणार न्हाय, बाबा. बँड बंद." त्यांनी हात सोडवून घेतला. "परत वाजव," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी मारलं नाही. माफी मात्र मागितली नाही, ना माझी, ना आईची.

दिवसकार्य झाल्यावर सलीमभाई ओट्यावर बसून म्हणाले, "मास्टरने छोटा कभी बजाया ही नहीं था. मालूम है ना?" मला माहीत नव्हतं. जे त्यांना स्वतःला येत नव्हतं, त्यासाठी त्यांनी माझं हाड मोडलं होतं...

नंतर मी त्यांची खोली आवरली. त्या मारात गुडघाही गेला होता, म्हणून बाबा काठी घेऊन चालायचे. दुपारी ती गुडघ्यांत उभी धरून तिच्यावर बोटं हलवत बसायचे. मला वाटायचं, गेलेल्या दिवसांची धून वाजवतात. मी काठी उचलली. बोटांच्या घासण्यानं सहा जागी पॉलिश उडालं होतं. त्या जागा फार जवळजवळ होत्या. मोठ्या क्लॅरिनेटच्या नव्हत्याच. मी माझी बोटं ठेवली, वाकडी करंगळी बाजूला धरून. छोट्यावर बसतात तशीच बरोबर बसली.

राग गेला असं मी म्हणणार नाही. काठी मात्र माझ्या घरी घेऊन आले.