तपासणीला आलेला पाहुणा

आईच्या फुप्फुसांना जाळी धरली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "जलमभर घराचे जाळे काढले मी, अन् धरलं कुठं, तं आतमंधी." डॉक्टर हसले नाहीत. दवाखान्यातून सोडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. ऑक्सिजन तयार करणारं मशीन घरी लावा, दिवसातला बहुतेक वेळ नाकात नळी राहू द्या, आणि काही झालं तरी त्यांना अंथरुणाला लावू नका. घरातल्या घरात चालत्या-फिरत्या राहिल्या तर बरेच दिवस काढतील. पाय एकदा बसले की पुढचं सगळं लवकर होतं, असं ते म्हणाले.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी धाड गावाजवळच्या एका विनाअनुदानित शाळेवर शिकवते, म्हणजे पगाराचा विषय न काढलेला बरा. भाऊ पुण्याला एका कंपनीत आहे आणि कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचंही नाव आहे. त्यामुळे मशीनचं भाडं विमा देईल आणि आपण सुटलो, अशी माझी भाबडी समजूत होती.

मग नियम कळत गेले. दवाखान्यातल्या खाटेवर पडून आईने जो ऑक्सिजन घेतला, तो उपचार. त्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. तोच ऑक्सिजन त्याच नाकाने घरी घेतला की तो उपचार राहत नाही, ती सोय होते. वॉकर, चाकाची खुर्ची, वाफ घ्यायचं मशीन, सगळं सोयीच्या यादीत. श्वास घेणं ही सोय आहे, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. भावाच्या पॉलिसीत मात्र एक जादा कलम होतं. घरी वापरायची टिकाऊ उपकरणं त्यात बसत होती, पण अटींवर. डॉक्टरांची चिठ्ठी हवी. मशीनवरचा नंबर आणि पेशंटचा चेहरा एकाच फोटोत हवा. मशीन मिळेल, पण वीज गेल्यावर ते चालवणारा इन्व्हर्टर मिळणार नाही, कारण इन्व्हर्टर म्हणजे घरगुती सामान. आमच्याकडे वीज किती वेळा जाते, हे ते कलम लिहिणाऱ्याला कोण सांगणार? आणि सगळ्यात शेवटी, पेशंटचं मशीनवाचून खरोखर अडतं का, हे पाहायला त्यांचा माणूस घरी येणार. त्याने नाही म्हटलं तर मशीन परत.

आईला मी एवढंच सांगितलं की मशीन पाहायला एक जण येणार आहे. माझं चुकलं असेल तर इथेच. आमच्या घरी कुणी येणार म्हटल्यावर ती काय करते, हे मला जन्मापासून ठाऊक होतं.

तो आला नेमका बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सवारीची जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे मला शाळेतून घरी पोचायला उशीर झाला. अंगणात सडा पडलेला होता. आत एक तरुण पोरगा पोह्यांची रिकामी बशी खाली ठेवून चहा पीत बसला होता. मशीन बंद होतं आणि त्यावर जुन्या टीव्हीचं विणलेलं कव्हर घातलेलं होतं. नळी कुठे दिसतच नव्हती. आईने लग्नाकार्यातली जांभळी साडी नेसली होती, तेल लावून अंबाडा घातला होता आणि ती स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून उभी होती. त्याला वाटलं असेल, जुन्या वळणाची बाई आहे, पाहुण्यासमोर बसत नाही. ती चौकट धरून उभी आहे, हे मला एकटीला कळत होतं.

"आई चांगल्या ठणठणीत आहेत की तुमच्या," तो मला म्हणाला.

आईचा चेहरा खुलला. "हाव, मले काय धाड भरली!"

मी त्याला सांगायला लागले की असं नसतं हो, नळी काढली की अर्ध्या-पाऊण तासात तिचे ओठ निळे पडतात. त्याने नीट ऐकून घेतलं. "मॅडम, मी जे पाहिलं तेवढंच लिहू शकतो," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. जाताना आईच्या पाया पडला. त्याची मोटारसायकल वळणापलीकडे जाईपर्यंत आई दारात उभी राहिली आणि मग उंबऱ्यावरच खाली बसली. मी ते कव्हर भिरकावलं, मशीन सुरू केलं, नळी शोधली. ती टेबलाच्या खणात घडी घालून ठेवलेली होती. मी रागाने काय काय बोलले, ते आता आठवत नाही.

बोलता येऊ लागल्यावर ती म्हणाली, "काऊन वरडून राह्यली माह्यावर? पाहुना दारात, अन् मी नाकात नळी घालून लोळत राहू काय? अन् गॅसपाशी नळी न्यायची नाई, हे तुह्या डॉक्टरनंच सांगतलं ना?"

आमच्या शाळेला अनुदानासाठी तपासणी लागते, तेव्हा आम्ही तरी दुसरं काय करतो? भिंतींना चुना लावतो, मोडकं बाक मागच्या खोलीत कोंबतो, हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवतो. तपासायला येणाऱ्याला आपलं चांगलं तेवढं दाखवायचं, हेच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आपलं वाईट उघडं करून दाखवलं की काहीतरी मिळतं, हे आईला कुणी शिकवलंच नव्हतं.

थोड्याच दिवसांत भावाने फोनवर निकाल वाचून दाखवला. रुग्ण घरात आधाराशिवाय वावरतात, स्वयंपाक करतात, सबब उपकरणाची गरज सिद्ध होत नाही.

"ताई, तू काय करत होतीस तेव्हा?"

"जीप भरायची वाट पाहत होते," मी म्हणाले.

तो म्हणाला, फेरतपासणी मागता येते आणि ती होईपर्यंत मशीन नेत नाहीत. या वेळी आईने फक्त पडून राहायचं. मी म्हणाले, अरे, तिने पडून राहू नये म्हणून तर मशीन आणलंय, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तो म्हणाला, "ते डॉक्टरांचं, ताई. हे विम्याचं." त्याच्यावर चिडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं, कारण तो खरंच बोलत होता. ज्याला चालतं ठेवायचं, त्याला मशीन मिळत नाही. जो चालत नाही, त्याला मिळतं. हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा आमच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसवायला हवं.

मग मी आईची तयारी करून घेतली. पोरांकडून पाढे म्हणून घ्यावेत तशी. साडी घरातली जुनी. केसांना तेल नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, स्वयंपाक मुलगी करते. उठून बसायला सांगितलं तर जमत नाही म्हणायचं. शेजारची काकू या कामात आमच्या दोघींपेक्षा हुशार निघाली. "कण्हजो जरासक," असं तिने आईला सांगितलं आणि स्वतः कण्हून दाखवलं. आम्ही तिघीही हसलो. आई हसली की तिला खोकल्याची उबळ येते, म्हणून मग हसणं थांबवलं.

या वेळी एक बाई आल्या. मी त्यांना पाणी विचारलं, त्यांनी नको म्हटलं आणि मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही, कारण आई माझ्याकडे पाहत होती आणि तिला उठायचा मोह झाला असता. बाईंनी मशीन पाहिलं, नंबर पडताळला, नळी पाहिली. उठून बसता का, म्हणाल्या. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "नाई होत." आयुष्यात मी तिच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. ती खोटं बोलत होती हे माहीत असूनही मी तिला सावरायला पुढे झाले.

बाई गेल्यावर मी म्हणाले, "ऊठ आता, झालं."

"आपल्या घरून कोरडी गेली ती बाई," आई म्हणाली. एवढंच. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही.

मशीन मंजूर झालं. भावाने पेढे वाटल्यासारखा फोन केला. फक्त मंजुरीखाली एक ओळ होती: पुन्हा पाहणी केव्हाही, न कळवता होऊ शकते. ही ओळ मी आईला वाचून दाखवायला नको होती. त्या दिवसापासून फाटक वाजलं की ती जिथे असेल तिथून अंथरुणाकडे यायची. दूधवाला असो, काकू असो, शाळेतलं पोरगं असो. "अवं, काकू आहे," मी म्हणायचे. "कोनाले काय माहीत," ती म्हणायची, "उद्या हिलेच विचारलं त्यायनं तं?" पुढे पुढे तिने फाटकाची वाट पाहणंही सोडलं. मी शाळेत जाताना ती आडवी असायची, येताना आडवीच. मी चिडायचे, विनवायचे, हाताला धरून ओढायचे. माझे हात दमायचे आणि मग मीही तिच्या शेजारी बसून राहायचे.

काही महिन्यांनी तिला बुलढाण्याला तपासायला नेलं. गाडीतून व्हरांड्यापर्यंत मी आणि ड्रायव्हरने तिला उचलूनच आणलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मान हलवली. फुप्फुसं आहेत तिथेच आहेत, वाढलेलं नाही काही, म्हणाले. मला केवढं बरं वाटलं! मग ते आईला म्हणाले, "आजी, आता जरा दारापर्यंत चालून दाखवा."

आईने आधी खोलीत सगळीकडे पाहिलं. कोपऱ्यात एक नर्स काहीतरी लिहीत होती. तिच्यावर नजर ठेवून आईने माझा हात दाबला आणि अगदी हळू विचारलं, "चालू काय वं? ते लिहून राह्यली."

"चाल, आई. इथे चालायचं असतं," मी म्हणाले.

ती टेबलाला धरून उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, दुसरा उचललाच गेला नाही, आणि ती माझ्या अंगावर कलंडली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. नर्स बाहेर गेली की ही हळूच उठेल, असं मला वाटत होतं. नर्स गेली, दार बंद झालं, आणि तरीही मी वाट पाहत होते.